जागायची गोळी मिळणार नाही!

लातूरला क्लासेसच्या गल्लीत माझं मेडिकल आहे. किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाइकं घेऊनच येतात. त्यातले निम्मे एकाच गोळीचे! दम्याची ती जुनी गोळी. श्वास मोकळा करते, पण झोप उडवते. छाती धडधडते, बीपी चढतं, ते कुणी विचारत नाही. मी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणजे देत नाही!

पहिली मागणी आली भूकंपानंतर. खेड्यातले एक आजोबा आले. "पोरी, रातभर जागं ठेवील असं कायतरी दे."

"आजोबा, छातीला झेपायचं नाही. अंगणात बाज टाका आणि झोपा!"

"अंगणातच असतो गं. पन म्हातारी ऐकत न्हाई, आतच झोपती. हादरा आला तर तिला कोन उठवल?"

गोळी मात्र दिली नाही.

मग क्लासेस वाढले. भोकरहून एक वडील आले. "म्याडम, पोराला दम्याची गोळी पायजे."

"दमा आहे का?"

"न्हाई. पन लागत आसंल तर लिहून आनतो की!"

एका पठ्ठ्याने ताकद येते म्हणून परीक्षेआधी मित्राचा दम्याचा पंप सटासट ओढला. हात असे थरथरले की उत्तरपत्रिकेतले गोल रंगवता येईनात! मला म्हणतो, "काकू, पेपर सोपा होता. गोलच लई छोटे होते!"

एका मुलीला मधमाशी चावली. घसा सुजला, श्वास अडला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी मांडीत अॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, म्हणून वाचली. आम्ही सगळे घामाघूम! तिला दवाखान्यात न्यायला गाडीत बसवलं, तर कानात विचारते, "काकू, लई ताजंतवानं वाटून राहिलं. ही सुई नीट परीक्षेच्या दिवशी मिळंल का?"

शेवटी समोरच्या क्लासचे सर स्वतः आले. "पोरं जागली न्हाईत तर रिझल्ट कसा लागंल? द्या की गोळ्या!"

"चिठ्ठी आणा."

"मग एक बी पोरगं तुमच्या दुकानात फिरकणार न्हाई!"

"नाही फिरकलं तर नाही!"

त्यांनी खरंच केलं. दुकान ओस पडलं. मी नुसती बरण्या पुसत बसायची. माझे यजमान हळूच म्हणाले, "असं चाललं तर शटर ओढावं लागंल. द्यायची का एखाद्याला?"

मी म्हटलं, "शटर ओढीन. गोळी देणार नाही!"

मग एका दुपारी सरांच्या मिसेस आल्या. सोबत त्यांचा बारावीतला मुलगा, तापाने फणफणलेला. हातात डॉक्टरची चिठ्ठी. त्यांच्या घराखालीच एक मेडिकल आहे, पुढे कोपऱ्यावर दुसरं. ती दोन्ही सोडून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

औषधं काढता काढता मी विचारलं, "वहिनी, इथं आलेलं सरांना चालेल का?"

"त्यांनीच धाडलं," त्या म्हणाल्या. "आपल्या पोराचं औषध तिथूनच आनायचं, म्हनले."