केसरबाईंच्या दाराला नाकारलेली सवारी

वाळूजला कारखाने उभे राहत होते आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावी माणसे एकमेकांना तोडत होती, त्या वर्षांतील ही हकीकत आहे.

औरंगाबादेजवळच्या आमच्या गावात मोहरमची सवारी, म्हणजे इमाम हुसेन यांच्या नावाचा पंजा, उचलण्याचा मान भिकन धनगराच्या घराण्याकडे होता. आईने सवारीला नवस करून त्याला मागून घेतले होते. भिकन कारखान्यात पाळी करी. तरी मोहरमचे दहा दिवस तो अनवाणी राही आणि मांस वर्ज्य करी.

दहाव्या दिवशी ज्या दारात पाण्याची घागर ठेवलेली असेल, तिथे सवारीने थांबायचे असते. घरची बाई सवारी धरणाऱ्याच्या पायांवर पाणी घालते. करबलाच्या मैदानात हुसेन यांच्या तहानलेल्या लेकरांना पाणी नाकारले गेले, त्याचे हे स्मरण आहे.

त्या वर्षी गावचे मोठे जमीनदार नानासाहेब वेशीत आडवे उभे राहिले.

"सवारी यंदा भीमनगरात जायची नाय. विद्यापीठाला नाव पाहिजे ना त्यांना? मग बसा म्हणावं नाव घेत."

सवारीची देखभाल करणारे मुजावर उस्मानचाचा मान खाली घालून उभे राहिले. त्यांचे घर नानासाहेबांच्या जागेत होते.

भिकन म्हणाला, "तिथं केसरमायनं घागर ठिवलीया. घागर वलांडून जाता येत नाय."

"तू कवापासून मौलवी झालास रं? मेंढरं राख."

"तहानलेलं मेंढरूबी पाण्यावरनं हाकलत नाय आमी. तुम्ही तर मोहरमात पाणी नाकारायला लावता."

"गेलास तर पंजाला पुन्हा हात लावायचा नाय."

भिकन भीमनगराकडे, गावच्या दलित वस्तीकडे, वळला. केसरबाई दारातच म्हणाल्या, "माघारी जा लेकरा, तुझा मान जाईल."

"घाल माय पाणी," भिकन म्हणाला. त्यांनी घातले.

पुढच्या साली पंजा खरोखर दुसऱ्याच्या हाती गेला. नवस फेडण्याचा हक्क माणसाकडून असा काढून घेता येतो, हे पाहून माझा संताप आजही शमलेला नाही. ज्यांनी त्या साली भीमनगर टाळून सवारी सरळ रस्त्याने नेली, तेच हुसेन यांच्या तहानेसाठी ऊर बडवत होते. नानासाहेबांनी वेशीत सरबत वाटले आणि पाळीला निघालेल्या भिकनपुढेही पेला धरला.

"घे रं, हुसेनच्या नावाचं हाय."

"त्याच्याच नावानं नको म्हणतोय," भिकन म्हणाला आणि कारखान्याच्या गाडीत चढला.