न हसणारे काका

तुळिंजच्या थिएटरात माझ्या शेजारी बसलेल्या काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सिनेमा विनोदी होता, भजनी मंडळांची यथेच्छ टिंगल करणारा. मी खुर्ची हलेपर्यंत हसत होतो. गळ्यात तुळशीची माळ घातलेले हे काका मात्र गप्प. पडद्यावर अभंग सुरू झाला की त्यांची बोटं मांडीवर ठेका धरायची आणि बुवा माइकसाठी भांडू लागले की थांबायची.

मध्यंतरात चार जणांनी मॅनेजरला घेरलं. शो बंद करा, नाहीतर पडदा फाडू, म्हणाले. मी ताबडतोब चेहरा गंभीर केला आणि काकांना पुढे सारलं. "यांना विचारा. किती दुखावलेत बघा."

काका म्हणाले, "कळंबला लहानपनापासून भजन करतो मी. मना हा सिनेमा नाय आवडला. एकदापन हसू आला नाय."

मॅनेजरचा चेहरा उतरला.

"पन माइकसाठी आम्ही भांडतो, ते खरं हाय. सिनेमा काढनाऱ्यानं नीट बघितलंय. चालू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आनि मघाशी माझ्या बाजूला इतकं हसत होतं, ते कोन?"

ते चौघे पांगले. मला सिनेमा आवडला होता आणि त्याची बाजू घेतली होती काकांनी.

उत्तरार्धातही ते हसले नाहीत, पण शेवटपर्यंत बसले. मी हसू दाबता दाबता ठसकलो, तेव्हा पडद्यावरची नजर न काढता त्यांनी बाटली पुढे केली.

"पानी प्या. आनि मोकळं हसा."