ओतीव की जोडीव

आमची गाडी चार सिलिंडरची, डिझेलवर चालणारी, बारा वर्षांची जुनी. सकाळी बुलढाण्याहून निघून बोथ्याचा घाट उतरायचा आणि संध्याकाळी तोच चढून परत यायचं, एवढंच तिचं काम. खामगावच्या बाजूला एका तंत्रनिकेतनात मी मेकॅनिकल विभागात शिकवते. माझा विषय उष्णता आणि इंजिनं.

शेजारच्या सीटवर आठ वर्षं आमच्या वर्कशॉपचे वेल्डिंगचे सर बसत आले. ते देऊळघाटचे. सकाळी मोटरसायकलवर बुलढाण्याला यायचे, ती आमच्या अंगणात लावायचे आणि गाडीत बसायचे. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. बोलणं कमी. त्यांच्या गावातल्या विहाराचं स्टीलचं रेलिंग त्यांनी स्वतः केलेलं आहे. एकदा मी ते पाहायला गेले होते. दोन नळ्या कुठे जोडल्यात ते बोट फिरवूनही कळत नाही. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "तुमी चुकीच्या जागी पाहून राह्यल्या मॅडम. सांधा खालून हाये."

एका सकाळी घाट उतरायच्या आधीच त्यांनी काच खाली केली आणि कान दिला.

"टिकटिक ऐकू येऊन राह्यली."

मलाही येत होती. इंजिन तापलं की आवाज बंद व्हायचा, गार असलं की पुन्हा सुरू. तेवढ्यावरून आम्हा दोघांना कळलं की मॅनिफोल्ड तडकलेला आहे. इंजिनाच्या चार तोंडांतून जळालेला धूर बाहेर पडतो, तो एका जागी गोळा करून टर्बोकडे नेणारा लोखंडी तुकडा म्हणजे हा मॅनिफोल्ड. त्या धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा भरतो. तडा गेला की धूर वाटेतच निसटतो आणि गाडी चढावर दम टाकते. लोखंड तापून फुगलं की तडा मिटतो, म्हणून आवाजही थांबतो.

पहिल्या खेपेला सरांनीच तो जोडून दिला. ओतीव लोखंड वेल्ड करणं कटकटीचं काम. आधी सगळा तुकडा सारखा तापवायचा, निकेलच्या कांडीने थोडा थोडा टाका मारायचा आणि मग गार होण्यासाठी कोरड्या चुन्यात पुरून ठेवायचा. घाईने गार झालं तर शेजारी नवा तडा जातो. त्यांनी तो एक दिवस आणि एक रात्र पुरून ठेवला होता. दोन महिने चालला. मग जुन्या तड्याच्या वर बोटभर अंतरावर दुसरा पडला.

"आता ह्याच्यात जीव नाई," ते म्हणाले. "नवीन पाहा."

कंपनीने तो भाग बनवणं कधीचंच बंद केलं होतं. मोडीत निघालेल्या एका गाडीचा मिळाला, पण त्यातही केसासारखी बारीक रेघ दिसत होती. खामगावच्या स्पेअरपार्टच्या दुकानात आम्ही कॉलेज सुटल्यावर दोघं गेलो. दुकानदाराने काउंटरवर एक बाहेरच्या फाउंड्रीत ओतलेला मॅनिफोल्ड ठेवला. जड, काळपट, आतून खरबरीत. तोंडाशी ओतकामातली वाळू अजून चिकटलेली. तो दुसऱ्या मॉडेलचा होता, आमच्यासाठी तसाच मागवावा लागणार होता. मग त्याने मोबाइलवर दुसरा दाखवला. स्टेनलेस स्टीलच्या चार चकचकीत नळ्या वळणं घेत एकत्र आलेल्या, चारही सारख्या लांबीच्या.

"हा लावा मॅडम. धूर मोकळा जाते. गाडी उडते," दुकानदार म्हणाला.

सरांनी मोबाइल हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"ही वेल्ड पाहा. अशी तर माझे पहिल्या वर्षाचे पोरं मारतात." त्यांनी मोबाइल परत दिला. बाहेर आल्यावर गाडीत बसताना म्हणाले, "असाच पायजे असन तर मी करून देतो."

आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हेही मागणं नव्हतंच, पण मला ते तसं ऐकू आलं. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

मी हा विषय शिकवते, हे वर सांगितलंच आहे. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला मी कागद घेतला आणि दोन्ही बाजू मांडल्या. स्टेनलेस तापल्यावर ओतीव लोखंडापेक्षा दीडपट फुगतं. नळ्या पातळ. टर्बो जड, तो ह्याच नळ्यांना लटकणार. इंजिनाचा थरथराट वेगळा. रोज घाट चढताना लाल होईपर्यंत तापायचं आणि घरी येऊन गार व्हायचं. सारख्या लांबीच्या नळ्यांचा फायदा शर्यतीच्या गाडीला; आमच्यासारख्या शाळामास्तरणीच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. कागदावर उत्तर स्पष्ट होतं. जाड, ओबडधोबड, ओतीव.

तो कागद मी घडी करून पुस्तकात ठेवला आणि सरांना सांगितलं, "करा तुम्ही. ड्रॉइंग मी देते."

ड्रॉइंगमध्ये मी एक गोष्ट घातली होती. टर्बोचं वजन इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवणारी एक पट्टी. सरांनी ती पाहिली.

"ही काऊन?"

"आधाराला."

"चांगली नाई दिसत. नळ्या झाकते." ते थोडं थांबून म्हणाले, "वेल्ड सुटणार नाई मॅडम. मी लिहून देतो."

वेल्ड सुटेल असं मी म्हटलंच नव्हतं. पण मी पट्टी खोडली.

त्यांना सहा आठवडे लागले. घराच्या मागच्या पडवीत ते रविवारी काम करायचे. एक जाड पत्रा कापून त्यांनी इंजिनाच्या तोंडाचा साचा केला, त्याला नळ्या बोल्टने आवळल्या आणि आतून आर्गन वायू सोडून सांधे मारले, म्हणजे आतही काजळी धरू नये. तयार झाल्यावर त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. स्टाफरूममध्ये टेबलावर ठेवला तेव्हा सिव्हिल विभागाचे लोकसुद्धा पाहायला आले. प्रत्येक सांध्यावर टाके एकावर एक पडलेले, माशाच्या खवल्यांसारखे, सगळे एका मापाचे. निळसर-सोनेरी झाक. कोणीतरी म्हणालं, हे बोनेटखाली झाकायचं म्हणजे पाप आहे. सर हसले. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

गाडी चांगली चालली. घाटात तिसऱ्या गेअरवर चढायला लागली. सर निवृत्त झाले, निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी एकटी जाऊ लागले. अंगणातली मोटरसायकल दिसेना, एवढाच फरक.

तडा मार्चमध्ये गेला. सासूबाईंना शेगावला दर्शनाला नेलं होतं. परतताना दुपारी घाटाच्या मध्यावर एकदम फाटका आवाज आला, गाडीचा जोर गेला आणि आत धुराचा वास भरला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, सासूबाईंना उतरवून सागाच्या सावलीत बसवलं. बोनेट उघडलं. टर्बोजवळच्या नळीला अर्ध्या परिघाची भेग पडली होती आणि तिच्यातून सुटलेल्या झोताने शेजारच्या वायरींचं वेष्टण काळं पडून सुरकुतलं होतं. आणखी दहा मिनिटं चालवली असती तर वायरी पेटल्या असत्या.

बोनेट तसंच उघडं ठेवून मी सावलीत आले. सासूबाईंनी पिशवीतून प्रसादाचा पेढा काढून दिला.

"खाय. अन् बस इथं. काही घाई नाई आपल्याले."

"आई, आग लागली असती."

"लागली नाई ना?"

रस्त्यापलीकडे वानरांची टोळी आमच्याकडे पाहत बसली होती. मी फोन केल्यावर दीड तासाने बुलढाण्याहून आमचा गॅरेजवाला मिस्त्री पिकअप घेऊन आला आणि गाडी ओढून नेली.

मी सरांना कळवलं नाही. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. दुकानदाराला फोन करून ओतीव मॅनिफोल्ड मागवायला सांगितला, तेवढंच. पण मिस्त्रीची सासुरवाड देऊळघाटची. चौथ्या दिवशी संध्याकाळी सरांची मोटरसायकल अंगणात उभी राहिली.

"कुठं हाये तो?"

मी कोपऱ्यातून आणून दिला. ते ओट्यावर बसले, चष्मा कपाळावर सारला, खिशातून भिंग काढलं. घरून बरोबर आणलं होतं. भेगेवरून भिंग हळूहळू फिरवलं, परत पहिल्यापासून फिरवलं. चहा निवला.

"वेल्ड नाई तुटली," ते म्हणाले. "वेल्डच्या शेजारी तुटली."

"हो. तिथं धातू तापून कमजोर होतो. वरून टर्बोचं वजन."

"पट्टी पायजे होती."

"हो."

"पट्टी असती तरी किती टिकला असता?"

"थोडा जास्त. ह्या घाटात फार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे तुमाले माहीत होतं."

मी हो म्हटलं.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमचं काम होतं ते सर."

"म्हणूनच सांगाले पायजे होतं." त्यांचा आवाज चढला नाही. "एखाद्या पोराचं प्रॅक्टिकलचं काम असतं तर तुमी लाल पेनानं खोडलं असतं. त्याच्या तोंडावर. मले काय समजल्या तुमी? आजारी माणूस?"

गाडीत सासूबाई होत्या हे त्यांना मिस्त्रीकडून कळलं होतं. त्यांनी आत जाऊन त्यांची विचारपूस केली, माफी मागितल्यासारखं काहीतरी बोलले. सासूबाई म्हणाल्या, "जेवून जा." ते जेवले नाहीत. मॅनिफोल्डही नेला नाही.

ओतीव मॅनिफोल्ड पंधरा दिवसांनी आला. मिस्त्री म्हणाला, बसवून टाकतो. मी सरळ मोजपट्टी टेकवून पाहिली तर त्याचं तोंड सपाट नव्हतं, एका टोकाला कागद सहज सरकत होता. तसाच आवळला असता तर महिन्याभरात सांध्यातली गॅस्केट फुंकली असती. वर्कशॉपमध्ये नेऊन मशीनवर तासून घेता आला असता. मी तो गोणपाटात बांधला आणि देऊळघाटला गेले.

सर पडवीत होते. त्यांनी गोणपाट सोडलं, तुकडा उलटसुलट केला, आत बोट घालून वाळू चाचपली.

"दिसाले भंगार हाये," ते म्हणाले. "पण जाडी चांगली हाये. हाच पायजे."

"तोंड वाकडं आहे."

"दिसलं." त्यांनी भिंतीवरची मोठी कानस काढली आणि माझ्यापुढे धरली. "घासा."

मी डिप्लोमा केला तेव्हा वर्गात आम्ही दोन मुली होतो. वर्कशॉपच्या तासाला आम्हाला जर्नल लिहायला बसवायचे आणि कानस मुलांच्या हातात. पुढे मी कानशीचे प्रकार शिकवले, परीक्षा घेतल्या. सलग तासभर कानस चालवली नव्हती. सरांना हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी सपाट काचेच्या तुकड्यावर शाई लावली, त्यावर मॅनिफोल्डचं तोंड टेकवून उचललं आणि जिथे जिथे शाई लागली ते उंचवटे दाखवले. तेवढेच घासायचे, पुन्हा टेकवायचं, पुन्हा पाहायचं.

"खांद्यातून जोर लावा. मनगट नका हलवू."

"आता कड खाल्ली तुमी. पाहा."

"हे चुकलं."

"हे पण चुकलं."

तीन संध्याकाळी मी घासलं. ते बाजेवर बसून एकेक चूक मोजल्यासारखी सांगत होते. त्यांच्या पत्नी पहिल्या दिवशी त्यांना म्हणाल्या, "अहो, मॅडम हायत त्या." ते म्हणाले, "मॅडम हायत म्हणूनच. चूक तोंडावर सांगाले पायजे." दुसऱ्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आला. त्यांनी पाहिला आणि कानशीच्या मुठीला कापड गुंडाळून दिलं, थांबवलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी, मी वाळूचे कण खरवडत असताना, ते एकदम म्हणाले, "मले पण एक सांगाचं राह्यलं. घाट उतरताना तुमी ब्रेक लय दाबता. गेअर खालचा ठेवत जा. आठ वर्षं पाहून राह्यलो."

"मग बोलला नाहीत कधी?"

त्यांनी जरा विचार केला. "गाडी तुमची होती."

काचेवरची शाई आता चारही तोंडांभोवती सारखी उमटत होती. त्यांनी ती दोनदा तपासली आणि "चालते" म्हणाले.

आधाराची पट्टी त्यांनी जाड पत्र्याची केली, माझ्या पहिल्या ड्रॉइंगप्रमाणे, फक्त एक भोक लांबट ठेवलं, लोखंड फुगलं तर सरकायला जागा हवी म्हणून. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तसं बोलले. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये ते स्वतः आले, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने आवळून घेतले आणि पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा आवळायला सांगितलं.

ह्याला आता दोन पावसाळे होऊन गेले. मॅनिफोल्ड गंजून तांबूस झाला आहे, तडा नाही. गाडी घाटात पूर्वीइतकी जोरात चढत नाही. स्टेनलेसचा तुकडा मी कॉलेजात नेला. उष्णतेचे ताण शिकवताना तो वर्गात फिरवते. मुलं आधी टाक्यांवरून बोट फिरवतात आणि वेल्ड कोणी मारली ते विचारतात. मी सांगते. मग भेग दाखवते, आणि ड्रॉइंग माझं होतं हेही सांगते. मागच्या महिन्यात सर पेन्शनच्या कागदांसाठी कॉलेजात आले होते, तेव्हा मागच्या बाकावर बसून त्यांनी तो तास ऐकला. बाहेर पडताना म्हणाले की फळ्यावरचं माझं अक्षर मागून वाचता येत नाही.