सुमनचा चिनी कप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या यांनाही नाही — आणि यांच्यापासून मी दुसरं काय लपवलं असेल? तुम्हाला सांगते. पण आधी माझ्या घराचं थोडं कौतुक ऐकून घ्या, ती खोड काही जात नाही.

सत्तरच्या दशकात वाशीमला आमची बैठक जुन्या चिनी भांड्यांनी सजलेली असायची. हैदराबादकडचा एक फिरता भांडीवाला ती आणायचा — निळ्या वेलबुट्टीच्या बशा, झाकणाच्या बरण्या, एक उंच फुलदाणी. बशा मी तारेनं भिंतीवर टांगल्या होत्या. शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शनाला निघालेले पाहुणे वाट वाकडी करून बघायला यायचे आणि मी फुगून जायची. स्वयंपाकघरात मात्र त्यातलं काही नेलेलं सासूबाईंना चालत नसे. तांबं-पितळ विस्तवानं शुद्ध होतं, चिनी माती होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी शिक्षिका होते; सुमन माझ्याच शाळेत शिकवायची. मेडशीची, बौद्ध घरातली. मला ताई म्हणायची. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा सासूबाईंनी मला आत बोलावलं. "तिचा कप येगळा ठेव. आन् तिचा तिलेच धू दे." मी भांडले? छे! तेवढी ताकद नव्हती — आणि सुमनही मला हवी होती. मी शोकेसमधला सगळ्यात जुना कप काढला, बिनकानाचा, निळ्या माशांचा. तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "हा फक्त तुहा. दुसऱ्या कोनाले देत नाई. मोलकरणीच्या हातून फुटन, तूच धून ठेवत जाय."

काय खुलली ती! अंगणातल्या नळावर तळहातावर धरून हळूहळू धुवायची तो कप. गावी आईलाही सांगितलं म्हणे — ताई मले शोकेसमधल्या कपात चहा देते. हे तिनं मला हसत सांगितलं. मीही हसले. काय करणार होते? पुढे पुढे तर मलाच वाटायला लागलं, की मी तिला मान देते आहे.

पण खरं सांगायचं ते निराळंच आहे. सासूबाई गेल्या. तेरावं झाल्यावर सुमन भेटायला आली. आता अडवणारं कुणी नव्हतं. ओट्यावर रोजचे स्टीलचे कप पालथे घातले होते, त्यातला एक उचलायचा, बस्स. मी उचलला नाही. का — कोण जाणे! नाही, हेही खोटं. माझं मन झालं नाही. सासूबाईंच्या नावावर इतकी वर्षं खपवलं ते माझंच होतं.

सुमननं तोच निळ्या माशांचा कप हातात घेतला. "ताई, आज कायले हा काढला? साद्या कपात देला असता तरी चाललं असतं."

तिला कळलं होतं का? केव्हापासून?

"तुहाच हाय ना वं तो," मी म्हणाले.

चहा संपवून ती उठली आणि कप घेऊन नळाकडे गेली. मी बसून राहिले.