बाहीवरचा धागा

आमची बायको भलती हट्टी. मी शिंपी, दिवसभर लोकांची मापं घेतो, पण हिच्या हट्टाचं माप काही मला सापडलं नाही. ही प्रयोगशाळेत काम करते. औषधाच्या बाटलीत कण दिसला की तो कशाचा, हे हिनं शोधायचं. त्यासाठी नवा इन्फ्रारेड सूक्ष्मदर्शक घ्यायचं ठरलं; तो कणाचा आलेख काढतो, त्यावरून पदार्थ ओळखायचा. साहेब म्हणाले, "वापरणार तुम्ही, तर निवडाही तुम्हीच."

झालं! मी धसकाच घेतला. हिचा उजवा हात थरथरायला लागला होता. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा. पण हल्ली चहा मलाच ओतायला लावायची, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

यंत्रं दोन होती. एकात नमुना नुसता ठेवायचा, पुढचं ते आपलं आपण करतं. दुसऱ्याची नजर तीक्ष्ण, पण कण सुईनं उचलून हातानं ठेवावा लागतो.

"पहिलंच घे," मी म्हटलं. "उगाच जिवाला घोर कशाला?"

"बघू," ती म्हणाली. म्हणजे नाही!

यंत्रं पारखायला तिनं तान्ह्या बाळांच्या औषधातून गाळलेला कण घेतला. पहिल्या यंत्राला तो नीट दिसेना. कणाखालच्या गाळणकागदाचाच आलेख काढून ते मोकळं झालं. मग दुसरं यंत्र. हिनं कण सुईनं उचलला, ठेवला, आणि आलेख आला लोकरीचा! औषधात कुठली लोकर? यंत्र विकायला आलेल्या माणसाला घाम फुटला.

"याच्यापेक्षा पहिलं बरं," साहेब म्हणाले. "तेच घेऊ."

गप्प बसली असती तर हात झाकला गेला असता. पण गप्प बसेल तर ती ही कसली!

"यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "माझा हात थरथरतो. कण पडला, आणि मी उचलला तो माझ्या बाहीवरचा धागा. हा पांढरा कोट नवऱ्यानं दुकानात इस्त्री केलाय, लोकरीच्या कापडाशेजारी."

मग तिच्या सहकारिणीनं खरा कण शोधून ठेवला. तो निघाला बाटलीच्या रबरी बुचाचा. दुसरं यंत्र पक्कं झालं.

"आणि तुला काढलं असतं तर?" घरी मी ओरडलोच.

"नाही काढलं. सुई माझी सहकारीण धरेल, आलेख मी वाचेन. आणि काढलं असतं तरी... अहो, बाळांचं औषध होतं ते."

तिनं उठून चहा स्वतः ओतला. अर्धा बशीत सांडला. मी ती बशी माझ्याकडे ओढली.

आता रोज सकाळी मी ब्रश घेऊन दारात उभा. पांढरा कोट आधी झटकतो, मग तिला. "हात वर कर. वळ." परवा आतल्या कुर्त्याच्या कॉलरला आमच्या दुकानातला एक करडा धागा चिकटला होता. काढायला गेलो तर तिनं माझा हात धरला.

"राहू द्या तो," ती म्हणाली. "कोटाखाली राहील. दिवसभर तिथं सगळं अनोळखीच बघायचं असतं हो."