दादाचं चंद्रावरचं हेल्मेट

वाशीमच्या दवाखान्यात दादाला शेवटचं भेटले तेव्हा त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि तो त्याने ओढून काढलेला नव्हता. सिस्टरला त्यात काही विशेष वाटलं नसेल. माझे पाय मात्र दारातच थबकले. जवळ जाऊन हात धरला, तर त्याने नुसते डोळे मिटून उघडले... दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. दादाला जाऊन आता काही आठवडे झाले. घरी येणारे लोक त्याच्या शिकवण्याबद्दल बोलतात. मला तो मास्कच दिसत राहतो.

मिलिंद माझा मोठा भाऊ, वाशीमकडच्या मालेगावजवळ एका गावी शाळेत विज्ञान शिकवायचा. पोरांना रात्रीचं आकाश दाखवणारा हा माणूस डोक्यातून घालायचा स्वेटर घालू शकत नसे. हेल्मेट घालायचं म्हणजे घाम फुटायचा, म्हणून त्याने मोटारसायकल विकली आणि एसटीने जाऊ लागला. कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धनजला, आमच्या मूळ गावी, शेतातल्या विहिरीचा गाळ काढायला कॉलेजच्या सुटीत तो खाली उतरला होता, आणि वरून मातीची कड ढासळली. माणसांनी उकरून काढला तेव्हा तो जिवंत होता, पण कितीतरी दिवस बोलला नव्हता.

अशा माणसाने एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात अंतराळवीर व्हायचं कबूल केलं. नाटक पोरांनीच रचलं होतं. चंद्रावर उतरलेल्या माणसाचा पृथ्वीशी संपर्क तुटतो, एवढीच गोष्ट. मी म्हटलं, "दुसऱ्या सरले देऊन टाक न ते काम."

"पोरं मलेच म्हणून राह्यली," दादा म्हणाला. "अन् मलेबी एकदा पाह्यचं हाय."

हेल्मेट त्याने घरीच केलं. मोठ्या फुग्यावर कणकेच्या खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्या थरावर थर चिकटवल्या, गच्चीवर वाळवल्या, मग फुगा फोडून मान आणि चेहऱ्याची जागा कापली. आतून फोम लावला, वरून पांढरा रंग. मी ब्लाऊज शिवते, म्हणून तालमीला मला बोलावलं, माझ्या कात्रीसकट. "मी बोट वर केलं का मानेपासून काप," त्याने सांगितलं. "वाट पाहू नोको."

पहिल्या रविवारी ते कपाळापर्यंतच गेलं. त्याने ते भिरकावलं आणि नळाजवळ जाऊन ओकला. वहिनी म्हणाली, "राहू द्या. तब्येत बरी नाई म्हणून सांगा पोरांले." तो तोंड धुऊन आला आणि मानेचं भोक थोडं मोठं करू लागला. पुढच्या खेपेला डोकं आत गेलं, कारण समोरची बाजू उघडी होती. मग त्याने तिथे गाडीच्या काचेची तपकिरी फिल्म लावलेलं प्लॅस्टिक चिकटवलं, आणि त्या दिवशी ते बाहेर निघेना. फोममध्ये हनुवटी अडकली. आतून श्वासाचा आवाज येत होता, भात्यासारखा. मी कात्री हेल्मेटच्या मानेला लावली. वहिनीने तोंड फिरवलं. त्याचा हात मांडीवरच होता, बोटं घट्ट आवळलेली.

"नंदे," आतून घुमल्यासारखा आवाज आला, "विहिरीत माह्या डोक्यावर टोपलं होतं, मालूम हाय का तुले?"

मला माहीत नव्हतं.

"गाळाचं टोपलं. माती पडली तं मी तेच डोक्यावर पालथं घेतलं. त्याच्याखाली हवा होती, म्हणून वाचलो. भेव त्या मातीचं होतं, अन् मी टोपल्याले भेत आलो इतकी वर्षं..."

मग त्याने मान हळूहळू वळवली, आधी एक कान, मग दुसरा, आणि तो बाहेर आला. चेहरा पांढराफटक. पण तो हसत होता.

संमेलनाला मी रंगमंचाच्या कडेला कात्री पदराखाली घेऊन बसले होते. संपर्क तुटतो त्या प्रसंगात समोरचं प्लॅस्टिक आतून श्वासाच्या वाफेने धुरकटलं. दादा मधेच थांबला. पोरांना तो अभिनय वाटला. मला त्याची छाती दिसत होती. त्याने बोट वर केलं. मी धावतच वर चढले, त्याच्या मानेशी हात घातला.

"कापू?"

"थांब. एक वाक्य राह्यलं."

आणि त्या बंद हेल्मेटमधून तो पूर्ण ताकदीने म्हणाला, "पृथ्वी, मी इथेच आहे. तुमचा आवाज येत नाही, पण मी बोलत राहीन." मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात, "आता काप."

मी कापलं. टाळ्या वाजत होत्या आणि तो गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होता. नंतर त्याने ती चीर दाभणाने स्वतः शिवली.

परवा वहिनीने माळ्यावरून हेल्मेट खाली काढलं. शाळेला द्यावं का, असं तिला विचारायचं होतं. मी ते कधीच घालून पाहिलं नव्हतं. घातलं. आत अजून खळीचा वास होता. अंगण तपकिरी दिसत होतं, वहिनीचे ओठ हलत होते. "काढू का ताई?" असं काहीतरी ती म्हणत असावी. मी हाताने नको म्हटलं. दादाचं डोकं माझ्यापेक्षा मोठं. दोन्ही कानांशेजारी बरीच जागा उरली होती.