मेला ग्राउंडवर काकूंचे ब्रेक

ट्रॅकवर गाडी चालवून आलो म्हटलं की तुम्ही स्पीड विचारणार. सगळेच विचारतात. सॉरी, ही गोष्ट चाळीसच्या स्पीडची आहे आणि गाडी मोघे काकू चालवतायत.

मी ग्वाल्हेरात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. मालक बापट सर. त्यांनीच मला दिल्लीकडच्या एका ट्रॅकवर कोर्सला पाठवलं. तिथे चौहान सर, रिटायर्ड फौजी. पहिला अख्खा दिवस त्यांनी फक्त थांबायला शिकवलं. "आधा ब्रेक मत मारो बेटा. पूरा दबाओ, और नज़र दूर रखो." मला नकलांची खोड; त्यांचा आवाज मी परतीच्या ट्रेनमध्येच बसवून टाकला.

काकू आमच्याकडे शिकायला आलेल्या, हरिशंकरपुरमच्या. काकांना आता नीट दिसत नाही, गाडी दारात उभी. काकूंची म्हातारी आई माधवगंजला एकटी राहते, तिच्याकडे रोज जायचं असतं. पुण्याहून मुलगा निखिल आला आणि त्याने सांगून टाकलं, "आईला जमत नसेल तर रविवारी गाडी विकून टाकू."

जमत नव्हतंच. काकू बोनेटकडे बघायच्या आणि ब्रेकला पाय नुसता टेकवायच्या, बाळाला थोपटावं तसा.

"काकू, जोरात दाबा."

"अरे, गाडी उलटेल ना."

"एबीएस आहे." म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होत नाहीत, स्टिअरिंग वळतं.

"तू कालचा पोरगा. रहने दे."

मग जत्रेचं मेला ग्राउंड रिकामं बघून मी चौहान सरांचा आवाज काढला. "मैडम, पूरा दबाइए." काकूंनी दचकून दाबला. पेडल थरथरलं, गाडी जागच्या जागी. उलटली नाही. काकूंनी बोनेटवरून नजर उचलली. मग म्हणाल्या, "अजून एकदा." सकाळभर तेच चाललं.

शनिवारी मुरारकडे निघालो. निखिल मागे, मोबाईलमध्ये. डावीकडची ई-रिक्शा हात करणारी सवारी बघून एकदम आडवी आली. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. माझा पाय तिथे पोचायच्या आधी गाडी थांबली होती. मध्ये हातभर जागा. मोबाईल सीटखाली.

काकूंनी काच खाली केली. "भैया, पीछे भी देख लिया करो." आरसा बघितला, गियर टाकला, निघाल्या.

निखिलने सीटखालून मोबाईल काढला. म्हणाला, "आई, आजीकडेच घे ना गाडी." रविवारचं गिऱ्हाईक त्याने वाटेतच फोनवर कॅन्सल केलं.

ट्रॅकवर शिकलेलं ऐंशीच्या वरचं काही ग्वाल्हेरात कामाला येत नाही. थांबणं रोज येतं.

ऑफिसात बापट सर वाटच बघत होते.

"मेला ग्राउंडचा चौकीदार फोन करून विचारतोय, तुमच्या गाडीत भांडणं चालली होती का. पळते, थांबते, पळते, थांबते. गाडीवर नंबर माझा लिहिलाय, तुझा नाही. ब्रेक पॅड काय तुझ्या मामाच्या दुकानातून येतात?"

मी म्हटलं, "नाही सर." पण चुकून त्यांच्याच आवाजात.

मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.